बढती दिसते, वाढ कशी दाखवायची? : पाश्चात्त्य चित्रपटांतील माणसाचे घडणे

कॅमेऱ्याला माणसाचे बाहेरचे सगळे दिसते आणि आतले काहीच दिसत नाही. कादंबरीकार ‘त्या रात्री त्याला स्वतःची लाज वाटली’ असे एका वाक्यात लिहून मोकळा होतो. दिग्दर्शकाला तीच लाज एखाद्या वस्तूतून, हालचालीतून किंवा निर्णयातून उभी करावी लागते. त्या मानाने नोकरीतली बढती दाखवणे फारच सोपे असते. मोठी केबिन, दारावर रंगवलेले नाव, नवा सूट, इतके दाखवले की प्रेक्षकाला वेगळे काही सांगावे लागत नाही. माणूस स्वतः आणि त्याचा व्यवसाय असे दोन्ही वाढताना दाखवू पाहणाऱ्या पाश्चात्त्य चित्रपटांपुढे म्हणूनच एक मूलभूत अडचण असते : या दोन वाढींपैकी एक डोळ्यांना दिसते आणि दुसरी दिसत नाही. उत्तम दिग्दर्शकांनी या अडचणीतून जी वाट काढली, ती अशी की दिसणारी वाढ न दिसणाऱ्या वाढीच्या आड उभी करायची आणि पात्राला दोहोंपैकी एकीची किंमत मोजायला लावायची. किंमत मोजताना माणूस दिसतो, आणि तो कोण झाला आहे हे तेव्हाच कळते. ही युक्ती काही निवडक चित्रपटांत कशी वापरली आहे आणि ती कुठे अपुरी पडते, हे पाहण्यासाठी त्या चित्रपटांचे शेवट सांगणे अपरिहार्य आहे. ज्यांना ते आधी ठाऊक नको असतील, त्यांनी चित्रपट पाहून मग पुढे वाचावे.

या प्रकारच्या कथांची परंपरा चित्रपटापेक्षा बरीच जुनी आहे. गटेची ‘विल्हेल्म माइस्टर’ ही जर्मन कादंबरी १७९५-९६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि एका तरुणाच्या घडण्याची गोष्ट सांगणाऱ्या कादंबऱ्यांचा तो नमुना मानला गेला. व्यापाऱ्याच्या घरातला विल्हेल्म घरच्या धंद्याला कंटाळून नाटकाकडे ओढला जातो आणि पुढे नाटकही आपले क्षेत्र नाही हे त्याला उमगते. पोटापाण्याचा उद्योग आणि स्वतःचा शोध यांतला ताण युरोपीय कथेत असा सुरुवातीपासूनच होता. चित्रपटाने तो उचलला, मात्र कादंबरीला लाभलेली शेकडो पानांची ऐसपैस जागा त्याला मिळाली नाही. सारे काही दोन तासांत बसवायचे असल्यामुळे अमेरिकी पटकथाकारांनी हळूहळू एक साचा तयार केला. सिड फील्ड यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात तो सोपा करून मांडला : साधारण १२० पानांची पटकथा, एका पानाला पडद्यावरचे एक मिनिट, पहिला चतुर्थांश मांडणीचा, मधला अर्धा भाग संघर्षाचा आणि शेवटचा चतुर्थांश निर्णयाचा. पटकथा शिकवणारे यात आणखी एक जोड देतात. पात्राला काहीतरी हवे असते आणि पात्राला कशाची तरी गरज असते; या दोन गोष्टी एक नसतात, आणि आपल्याला काय हवे आहे हे पात्राला ठाऊक असले तरी गरज कशाची आहे हे त्याला कळलेले नसते. हवे असलेले आणि गरजेचे यांतले अंतर पात्राच्या लक्षात येणे, म्हणजेच चित्रपटाच्या भाषेतली वाढ.

हा साचा सर्वांत स्वच्छपणे पाहायचा असेल, तर १९७६ चा ‘रॉकी’ पाहावा. फिलाडेल्फियातल्या एका किरकोळ मुष्टियोद्ध्याला जगज्जेत्या अपोलो क्रीडशी लढण्याची संधी निव्वळ योगायोगाने मिळते. सराव सुरू झाल्यावर तो पहाटे धावत शहरातल्या कला संग्रहालयाच्या ७२ पायऱ्यांपाशी येतो आणि वर पोहोचेपर्यंत त्याला धाप लागते. पुढे, बिल कॉन्टी यांच्या प्रसिद्ध संगीतावर चालणाऱ्या सरावाच्या तुकड्यात, तोच माणूस त्याच पायऱ्या उड्या मारत चढतो आणि वर हात उंचावून नाचतो. जागा तीच, माणूस वेगळा. वाढ दाखवण्याचे हे सर्वांत साधे तंत्र आहे : पात्राला एकाच ठिकाणी दोनदा आणायचे आणि मधला फरक प्रेक्षकाला स्वतः मोजू द्यायचा. आठवड्यांचे कष्ट काही मिनिटांच्या तुकड्यांत कोंबण्याची ही पद्धत पुढे इतकी रूढ झाली की आज तिची थट्टा होते, आणि ती थट्टा रास्तच आहे, कारण अशा तुकड्यात कंटाळा नसतो. कोणतेही कौशल्य शिकताना मुख्यतः कंटाळाच वाट्याला येतो, आणि कापून काढायला चित्रपटाला तोच सर्वांत सोयीचा वाटतो.

मात्र ‘रॉकी’चे मर्म पायऱ्यांवर नाही, लढतीच्या आदल्या रात्री आहे. त्या रात्री तो एड्रिअनला सांगतो की आपण क्रीडला हरवू शकत नाही. पंधरा फेऱ्या संपेपर्यंत आपण उभे राहिलो, तर आपण गल्लीतला आणखी एक फुकट गेलेला पोरगा नाही, एवढे आपल्याला कळेल. हवे असलेले आणि गरजेचे यांची अदलाबदल इथे होते, आणि ती अंधाऱ्या खोलीत, जवळजवळ पुटपुटत होते. दुसऱ्या दिवशी पंचांच्या विभागलेल्या कौलाने तो हरतो, आणि निकाल जाहीर होत असताना त्याचे तिकडे लक्षही नसते. तो एड्रिअनच्या नावाने हाका मारत असतो. व्यवसायाच्या मापाने ही हार आहे आणि तरी प्रेक्षक आनंदाने बाहेर पडतात. पुढच्या भागांमध्ये त्याला जिंकवण्यात आले, आणि माझ्या मते तिथेच ही कथा सामान्य झाली.

कचेरीतल्या माणसाची गोष्ट सांगणारा याहून कितीतरी सूक्ष्म चित्रपट त्याआधी सोळा वर्षे येऊन गेला होता. बिली वाइल्डर यांनी आय. ए. एल. डायमंड यांच्यासह लिहिलेला आणि स्वतः दिग्दर्शित केलेला ‘द अपार्टमेंट’ १९६० मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाले. न्यूयॉर्कमधल्या एका प्रचंड विमा कंपनीत बॅक्स्टर नावाचा कारकून काम करतो. तो स्वतःची ओळख आकड्यांतच करून देतो : मुख्य कचेरीत ३१,२५९ कर्मचारी, एकोणिसावा मजला, विभाग ‘डब्ल्यू’, टेबल क्रमांक ८६१, आठवड्याचा पगार ९४ डॉलर ७० सेंट. त्याचे टेबल ज्या दालनात आहे, ते कलादिग्दर्शक अलेक्झांडर त्राउनर यांनी दृष्टिभ्रम साधून उभारले होते. मागे जाताना टेबले लहान होत गेली होती आणि अगदी मागच्या टेबलांवर लहान चणीची माणसे बसवली होती, म्हणजे दालन संपतच नाही असे वाटावे. माणूस संस्थेत किती क्षुल्लक असतो हे सांगायला एकही संवाद लागत नाही.

बॅक्स्टरकडे या गर्दीतून वर येण्याचे एकच साधन आहे, आणि ते म्हणजे त्याच्या राहत्या घराची चावी. चार अधिकारी आपापल्या प्रेमप्रकरणांसाठी ते घर संध्याकाळी वापरतात आणि बदल्यात त्याच्याविषयी वर चांगला शब्द टाकतात. बॅक्स्टर थंडीत बाहेर ताटकळतो, सर्दीने बेजार होतो, पण नाही म्हणत नाही. पुढे कर्मचारी विभागाचा प्रमुख शेलड्रेक हाही चावी मागतो आणि बॅक्स्टरला स्वतंत्र केबिन मिळते. अनुराग बसू यांच्या २००७ च्या ‘लाइफ इन अ... मेट्रो’मध्ये मुंबईतल्या फ्लॅटच्या चावीभोवती फिरणारे कथानक ज्यांनी पाहिले असेल, त्यांना त्याचे मूळ इथे सापडेल.

बॅक्स्टरची व्यावसायिक वाढ वाइल्डर वस्तूंनी दाखवतात. केबिन मिळाल्यावर तो एक गोल टोपी विकत घेतो, कारण तशी टोपी कनिष्ठ अधिकारी घालतात. ख्रिसमसच्या कचेरीतल्या मेजवानीत तो ती टोपी लिफ्ट चालवणाऱ्या मिस क्युबेलिकला दाखवतो. तिच्यावर त्याचे मन जडलेले आहे. टोपी कशी दिसते हे पाहण्यासाठी ती आपल्या पर्समधली पावडरची डबी उघडून त्याच्या हातात देते. डबीतला आरसा तडकलेला आहे, आणि ही डबी बॅक्स्टरने आधी पाहिलेली आहे. आपल्या घरी कुणीतरी विसरून गेलेली हीच डबी त्याने शेलड्रेकला परत केली होती. साहेब ज्या स्त्रीला आपल्या घरी आणतो ती कोण, हे त्याला त्या क्षणी कळते. आरसा फुटला आहे असे तो कसेबसे म्हणतो, आणि ती उत्तर देते की मला आतून जसे वाटते तसेच मी त्यात दिसते. नव्या टोपीतला बॅक्स्टर त्या तडकलेल्या आरशात दोन तुकड्यांत दिसतो. बढती आणि तिची किंमत एकाच चौकटीत आणणारे याहून नेमके दृश्य मला दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात आढळलेले नाही.

त्यानंतरही तो लगेच बदलत नाही, हे विशेष. त्याच रात्री मिस क्युबेलिक त्याच्या घरात जीव देऊ पाहते, शेजारचे डॉक्टर ड्रायफस तिला वाचवतात आणि सगळा दोष बॅक्स्टरचाच समजून ‘अरे, माणूस हो’ असे त्याला बजावतात. बॅक्स्टर खुलासा करत नाही. साहेबाचे नाव लपवण्यासाठी तो दोष अंगावर घेतो, आणि त्याचे बक्षीस म्हणून शेलड्रेकच्या अगदी शेजारची जागा आणि वरिष्ठांच्या स्वच्छतागृहाची चावी त्याला मिळते. शेवटी शेलड्रेक नववर्षाच्या रात्रीसाठी पुन्हा घराची चावी मागतो. बॅक्स्टर एक चावी टेबलावर ठेवून निघून जातो. ही तर स्वच्छतागृहाची चावी आहे, असे शेलड्रेक त्याच्या मागोमाग येऊन म्हणतो, आणि मग कळते की त्याने चुकून नव्हे तर जाणूनबुजून नोकरीच परत केली आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून माणूस व्हायचे ठरवले आहे, असे तो सांगतो आणि जाता जाता ती गोल टोपी सफाई कामगाराच्या डोक्यावर ठेवतो. संपूर्ण परिवर्तन दोन चाव्यांच्या अदलाबदलीत बसवले आहे. चित्रपट संपताना त्याच्याकडे नोकरी नाही, सामान बांधलेले आहे आणि पत्त्यांचा डाव अर्धवट आहे. पुढे त्याचे काय झाले, याची चिंता वाइल्डर करत नाहीत आणि प्रेक्षकालाही करू देत नाहीत. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

व्यवसाय सोडल्याशिवाय वाढ होतच नाही का, असा प्रश्न इथे पडणे स्वाभाविक आहे. हॅरॉल्ड रॅमिस यांचा १९९३ चा ‘ग्राउंडहॉग डे’ त्याचे वेगळे उत्तर देतो. पिट्सबर्गच्या दूरचित्रवाणी वाहिनीवर हवामान सांगणारा फिल कॉनर्स दरवर्षी २ फेब्रुवारीला पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी या लहान गावी जातो, कारण त्या दिवशी तिथे एक बिळात राहणारा प्राणी बाहेर काढून हिवाळा लांबणार की नाही याचे भाकीत करण्याची प्रथा आहे. फिलला या कामाचा, गावाचा आणि सहकाऱ्यांचा तिटकारा आहे. त्याला मोठ्या वाहिनीवर जायचे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गजर होतो आणि पुन्हा २ फेब्रुवारीच उजाडते. मग तीच तारीख किती वेळा उजाडते, हे चित्रपट सांगत नाही, आणि ती का उजाडते हेही सांगत नाही. पटकथेच्या एका मसुद्यात या कोंडीमागे एका दुखावलेल्या प्रेयसीचा शाप होता. तो वगळला गेला, हे फार बरे झाले. कारण सापडले असते तर उपायही सापडला असता, आणि मग माणसाला बदलण्याची गरज उरली नसती.

फिलला मिळालेला अमर्याद वेळ हा एक प्रयोग आहे. पहिल्या टप्प्यात तो त्या वेळेचा चोरासारखा उपयोग करतो : पैसे लंपास करतो, स्त्रियांची माहिती काढून दुसऱ्या ‘दिवशी’ तीच माहिती वापरून त्यांना भुलवतो. निर्माती रीटाला जिंकण्यासाठी तो तिची आवडनिवड पाठ करतो आणि रोज थोडा पुढे जातो, पण प्रत्येक रात्र थपडेवर संपते. त्या थपडा एकामागोमाग जोडून दाखवल्या आहेत आणि ते दृश्य विनोदी असले तरी त्यातला मुद्दा गंभीर आहे. फिल हुशार होत चालला आहे, चांगला होत नाही. दुसऱ्याबद्दलची माहिती आणि दुसऱ्याबद्दलची आस्था या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नोकरीच्या जगात ज्याला विकास म्हणून गौरवले जाते, त्यातला बराचसा भाग पहिल्या प्रकारचा असतो. त्यानंतर निराशा येते. तो अनेक प्रकारे मरून पाहतो आणि तरीही सहाचा गजर चुकत नाही.

वळण येते ते एका भिकाऱ्यामुळे. त्या रात्री हा म्हातारा मरणार असतो; फिल त्याला जेवू घालतो, दवाखान्यात नेतो, प्रत्येक वेळी नवा प्रयत्न करतो आणि तो प्रत्येक वेळी मरतो. सगळ्या गावाचा दिवस मुखोद्गत असलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा स्वतःच्या कौशल्याची मर्यादा कळते. त्यापुढचा फिल पियानो शिकतो, बर्फातून शिल्पे कोरतो, झाडावरून पडणाऱ्या मुलाला झेलतो, आणि यातले काहीही उद्या उरणार नाही हे ठाऊक असूनही करतो. फळाची अपेक्षा न ठेवता कर्म करण्याचे हे रूप मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. चित्रपटाला मात्र गीतेचा संदर्भ अभिप्रेत आहे असा दावा करण्याचे कारण नाही. व्यवसायाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की चित्रपट त्याला नोकरी सोडायला लावत नाही. प्राण्याच्या भाकिताचे तेच निवेदन तो पुन्हा पुन्हा करतो : सुरुवातीला कुत्सितपणे, मध्यंतरी हताशपणे, आणि शेवटी चेकॉव्हचा उल्लेख करून इतक्या जिव्हाळ्याने, की जमलेली गर्दी कान देऊन ऐकते. पद तेच, पगार तोच, काम तेच. काम करणारा तेवढा बदलला आहे. व्यावसायिक प्रगतीची ही व्याख्या पडद्यावर क्वचितच दिसते, कारण तीत दाखवण्यासारखी नवी केबिन नसते.

कौशल्य वाढले म्हणजे माणूस वाढला, या समजुतीवर सर्वांत क्रूर घाव डेमियन शझेल यांच्या २०१४ च्या ‘व्हिप्लॅश’ने घातला. न्यूयॉर्कमधल्या एका काल्पनिक संगीत विद्यालयात अँड्र्यू हा जॅझचा ड्रमवादक फ्लेचर नावाच्या शिक्षकाच्या हाताखाली येतो. हा शिक्षक शिव्या देतो, खुर्ची फेकतो, विद्यार्थ्यांना थपडा मारतो, आणि आपल्या वागण्याच्या समर्थनार्थ एक आख्यायिका सांगतो : तरुण सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर वाजवताना चुकला तेव्हा ड्रमवादक जो जोन्सने त्याच्या डोक्याच्या दिशेने झांज भिरकावली, आणि त्या अपमानातून महान पार्कर घडला. प्रत्यक्षात ही घटना १९३० च्या दशकातल्या कॅन्सस सिटीमधली, आणि तिच्या प्रचलित कथनांनुसार जोन्सने झांज पार्करच्या पायाशी टाकली होती. ती थट्टा होती, प्राणघातक हल्ला नव्हता. फ्लेचर आपल्या सोयीने इतिहासाला धार लावतो, आणि चित्रपट ती दुरुस्ती आपण होऊन करत नाही. कठोर गुरूंच्या कथा आपल्याकडेही कौतुकाने सांगितल्या जात असल्यामुळे मराठी प्रेक्षकाने इथे विशेष सावध राहायला हवे.

अँड्र्यू वाढतो यात शंका नाही. त्याचे हात रक्तबंबाळ होतात, मैत्रिणीला तो आपल्या कामात अडथळा येईल असे थंडपणे सांगून दूर करतो, मोटार अपघातातून उठून तसाच मंचावर येतो. शेवटच्या मैफलीत फ्लेचर त्याला जाणूनबुजून तोंडघशी पाडतो. वडील त्याला मिठीत घेतात, घरी नेऊ पाहतात. तो मागे फिरतो, मंचावर जातो, न विचारता वाजवायला लागतो आणि असे वाजवतो की फ्लेचर अखेरीस हसतो. बहुसंख्य प्रेक्षक इथे टाळ्या वाजवतात. मात्र विंगेच्या दाराच्या फटीतून पाहणाऱ्या वडिलांचा चेहरा दिग्दर्शकाने मुद्दाम दाखवला आहे, आणि त्या चेहऱ्यावर अभिमानाइतकीच भीती आहे. या मुलाचे पुढे काही बरे होणार नाही, असे शझेल यांनी मुलाखतीत सांगितलेले आहे. ‘द अपार्टमेंट’मध्ये माणूस वाचतो आणि नोकरी जाते, इथे कला सिद्ध होते आणि माणूस कुठे गेला, याचे उत्तर प्रेक्षकाला स्वतः शोधावे लागते. कथेची बांधणी विजयाची आणि आशय ऱ्हासाचा, असा हा विलक्षण मेळ आहे.

जो अजिबात वाढत नाही, त्याची गोष्टही वाढीविषयी खूप काही सांगून जाते. १९९३ मध्येच आलेला ‘द रिमेन्स ऑफ द डे’ काझुओ इशिगुरो यांच्या बुकर पारितोषिकप्राप्त कादंबरीवर आधारलेला आहे. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी, पटकथाकार रूथ प्रवर झाबवाला आणि निर्मात्यांपैकी एक मुंबईत जन्मलेले इस्माईल मर्चंट. एका इंग्रज उमरावाच्या घराचे इतके अचूक चित्र एक अमेरिकी, एक जर्मनीत जन्मलेली लेखिका आणि एक मुंबईकर मिळून काढतात, हेही नोंदवण्याजोगे आहे. अँथनी हॉपकिन्स यांनी साकारलेला स्टीव्हन्स हा लॉर्ड डार्लिंग्टनचा मुख्य बटलर. कामात तो निर्दोष आहे. वरच्या खोलीत वडील मरण पावल्याचे कळते, तेव्हा खाली महत्त्वाची परिषद चालू असल्यामुळे तो पाहुण्यांची सरबराई चालूच ठेवतो. मालक नाझी जर्मनीकडे झुकलेले आहेत. त्यांच्या सांगण्यावरून तो दोन ज्यू मोलकरणींना कामावरून काढतो आणि ही आपल्या अखत्यारीतली बाब नाही असे मानतो. घरकारभारीण मिस केंटन याला विरोध करते, राजीनाम्याची भाषा करते, पण जायला दुसरी जागा नसल्यामुळे तीही थांबते, आणि आपण भित्र्या आहोत अशी कबुली देते.

एका दृश्यात ती त्याच्या खोलीत येते आणि तो कोणते पुस्तक वाचतो आहे हे पाहण्यासाठी त्याची बोटे एकेक करून उलगडते. ते पुस्तक म्हणजे एक साधी प्रेमकथा असते. आपण ती केवळ भाषा सुधारण्यासाठी वाचतो, असे स्टीव्हन्स म्हणतो. हॉपकिन्स यांचा चेहरा त्या वेळी जवळजवळ हलत नाही, आणि तरी त्या माणसाच्या आत काय चालले आहे हे स्पष्ट कळते. स्वतःला सुधारण्याची ऊर्मी त्याच्यात आहे, पण ती सगळी त्याने कामाच्या खात्यात जमा केली आहे. वीस-एक वर्षांनंतर तो तिला भेटायला जातो, तेव्हाही तोंडातून निघते ते कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीचेच बोलणे. मी हा चित्रपट ‘व्हिप्लॅश’च्या शेजारी ठेवतो, कारण दोन्हींत व्यवसायनिष्ठेने माणसाचा कब्जा घेतलेला आहे; फरक इतकाच की फ्लेचरचा शिष्य ओरडून जे गमावतो, ते स्टीव्हन्स अदबीने गमावतो.

फॅशन नियतकालिकाच्या कचेरीत घडणारा २००६ चा ‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’ हा या सगळ्यांत हलकाफुलका, पण त्यातली दोन दृश्ये शिकण्याविषयी नेमके काहीतरी सांगतात. पहिल्या दृश्यात संपादिका मिरांडा आपल्या नव्या सहायिकेला, अँडीला, समजावते की तिने घातलेल्या निळ्या स्वेटरचा रंग तिने स्वतः निवडलेला नाही. तो याच खोलीतल्या माणसांनी कित्येक हंगामांपूर्वी निवडला आणि मोठ्या दुकानांतून झिरपत सवलतीच्या ढिगापर्यंत पोहोचला. ज्या व्यवसायाला आपण उथळ समजतो, त्याच्या आत काटेकोर ज्ञान असते, हे अँडीला तिथे कळते, आणि कोणतेही काम शिकण्याची सुरुवात अशीच होते. दुसऱ्या दृश्यात पॅरिसमध्ये मिरांडा आपले पद वाचवण्यासाठी जुन्या सहकाऱ्याचा बळी देते. मी असे कधीच करणार नाही, असे अँडी म्हणते. तू ते एमिलीच्या, म्हणजे आपल्या वरिष्ठ सहायिकेच्या, बाबतीत केलेच आहेस, असे मिरांडा उत्तर देते. वाद इथे संपतो, कारण ते खरे असते. अँडी गाडीतून उतरून चालू लागते आणि वाजणारा फोन कारंज्यात टाकते. आधी काम गांभीर्याने शिकणे आणि मग ते सोडणे, या क्रमामुळे तिचा नकार बॅक्स्टरच्या नकारापेक्षा वेगळ्या जातीचा ठरतो. तिने जे सोडले त्याची किंमत तिला ठाऊक आहे.

‘मनीबॉल’ या २०११ च्या चित्रपटाचा इथे ओझरता उल्लेख पुरे. ओकलंडच्या बेसबॉल संघाचा व्यवस्थापक बिली बीन आकडेशास्त्राच्या आधारे स्वस्तात संघ बांधतो, २००२ मध्ये सलग २० सामने जिंकतो, तरीही विजेतेपद हुकते, आणि बॉस्टनच्या संघाने देऊ केलेले सव्वा कोटी डॉलर तो नाकारतो, कारण तरुणपणी पैशाकडे पाहून घेतलेला एक निर्णय त्याला अजून सलत असतो. ही सत्यकथा आहे, आणि म्हणूनच तिचा शेवट इतका अनिश्चित आहे.

आता बॅक्स्टरच्या बांधलेल्या सामानाकडे परत जाता येईल. या सर्व कथांमध्ये वाढीचा पुरावा म्हणून नकार वापरला जातो, आणि नकार परवडण्यासाठी माणसाकडे काहीतरी असावे लागते. बॅक्स्टर एकटा आहे, त्याच्यावर कुणी अवलंबून नाही. अँडीला चित्रपट संपण्याआधीच दुसऱ्या वृत्तपत्रात काम मिळते, तेही मिरांडाच्या शिफारशीवर. बिली बीनची नोकरी शाबूत आहे. मिस केंटन एकटीच अशी आहे की जिचा नकार पैशाअभावी गळ्यात अडकतो, आणि चित्रपट तिला नायिका करत असला तरी नायकत्व देत नाही. वाढ ही एकट्या माणसाच्या मनोधैर्याची बाब आहे, हे गृहीतक पाश्चात्त्य, विशेषतः अमेरिकी, पटकथेत इतके खोल रुजलेले आहे की वेतन, संघटना, घरभाडे, आजारपण या गोष्टी कथेच्या आड येऊ लागल्या की त्या बाजूला सारल्या जातात. चित्रपट खोटा ठरतो असे नव्हे. मात्र तो पाहून आपल्या नोकरीविषयी निर्णय घेणाऱ्याने पटकथाकाराने काय वगळले आहे, याचा हिशेब स्वतः मांडायला हवा.

जेसन राइटमन यांनी २००९ च्या ‘अप इन द एअर’मध्ये या वगळलेल्या माणसांना थोडी जागा दिली. जॉर्ज क्लूनी यांनी साकारलेला रायन बिंगहॅम इतर कंपन्यांच्या वतीने गावोगाव विमानाने फिरून लोकांना कामावरून काढतो. काढताना तो त्यांना सांगतो की ही संधी समजा, स्वप्नांकडे परत जा. म्हणजे व्यक्तिगत विकासाची सगळी भाषा इथे कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी वापरलेली आहे. स्वतः त्याचे ध्येय एक कोटी मैलांचा विमानप्रवास पूर्ण करण्याचे आहे. ते पूर्ण होते तेव्हा वैमानिक त्याच्या शेजारी येऊन बसतो, तुम्ही कुठले असे विचारतो, आणि त्याच्यापाशी ‘इथलाच’ याशिवाय उत्तर नसते. त्याला स्वतःतला पोकळपणा कळतो, पण तो कळल्याने त्याच्या आयुष्यात काहीही बदलत नाही. तो पुन्हा विमानतळावरच उभा असतो.

या चित्रपटात कामावरून काढले जाणारे बरेच चेहरे व्यावसायिक नटांचे नाहीत. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर सेंट लुईस आणि डेट्रॉइट इथे नुकतीच नोकरी गेलेल्या लोकांना राइटमन यांनी कॅमेऱ्यापुढे बसवले, आणि काढून टाकल्याचे कळले तेव्हा तुम्ही जे बोललात किंवा जे बोलायचे राहून गेले ते आता बोला, असे सांगितले. त्यांच्यापैकी कुणी चिडते, कुणाला रडू येते, कुणी घरी बायकोला काय सांगू असे विचारते. चित्रपटाच्या शेवटाकडे तेच लोक पुन्हा येतात आणि आपण कशाच्या आधाराने तगून राहिलो हे सांगतात. त्यांच्या उत्तरांत नवरा, बायको आणि मुले येतात, नवे ध्येय किंवा नवे पद येत नाही.